रात्रीचे रक्त

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाड्यात एखादे वर्षी रात्री नऊ-दहाच्या सुमारास एक गृहस्थ येत. हातात विजेरी, खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्यांची लाकडी पेटी, स्पिरिटची बाटली आणि कापसाचे बोळे. अर्धवट झोपेतल्या पोरांना उठवून ते एकेकाच्या बोटाला सुई टोचीत, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरीत आणि पुढच्या बिऱ्हाडाकडे जात. आमची आजी एकदा त्यांच्यावर चांगलीच उखडली. ‘‘काहून रे बाबू, दिवसा नाही येत तू? चोरावानी रात्रीच येतं!’’ गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘दिवसा किडा भेटत नाही, आजी.’’

त्या वेळी ही थट्टा वाटली. पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की, पालिकेच्या त्या साध्या नोकराने रोगनिदानाच्या इतिहासातील एक मोठी गोष्ट चार शब्दांत सांगितली होती. सांसर्गिक रोगांचे शीघ्र निदान आणि त्यासाठी निघालेले जैवसंवेदक, इंग्रजी नावाने बायोसेन्सर, असा विषय व्याख्यानासाठी जाहीर झाला की, श्रोते एखाद्या चमत्कारी यंत्राची वाट पाहत बसतात. यंत्राकडे आम्ही येणार आहोतच. पण त्याआधी त्या काचपट्टीकडे पाहिले पाहिजे. निदानाला वेळ लागतो असे आपण सहज म्हणतो. तो वेळ नेमका कोणाचा जातो आणि का जातो, हे त्या काचपट्टीवरून जितके स्वच्छ दिसते तितके कशावरूनही दिसत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. नागपूरकरांना हे साल पाठ असते. त्याच साली चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर डासांची पोटे फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. हत्तीरोगाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या अंगात रोगाचे सूक्ष्म जंत नुसते जिवंत राहतात इतकेच नव्हे, तर वाढतातही, हे त्याला दिसले. एखादा कीटक मनुष्याच्या रोगाचा वाहक असू शकतो याचा हा पहिला भक्कम पुरावा होय. हिवतापाच्या बाबतीत रोनाल्ड रॉसने हेच दाखविले ते वीस वर्षांनी, १८९७ साली, आणि त्याच्या पाठीशी मॅन्सनचीच प्रेरणा होती.

हे जंत माणसाच्या रक्तात असतात हे मॅन्सनच्या आधीच ठाऊक झाले होते. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस याने ते रक्तात पाहिले होते. पूर्ण वाढलेला जंत दोऱ्यासारखा असतो, मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब भरते, आणि नरमादीचे जोडपे शरीरातील लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडून राहते. त्यांची असंख्य पिले रक्तात हिंडतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाव हिश्शाइतकी. त्यांनाच मायक्रोफायलेरिया म्हणतात. मॅन्सनच्या ध्यानात आलेली विलक्षण गोष्ट ही की, ही पिले रात्रीच रक्तात सापडतात. दिवसा ती फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात, आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास, म्हणजे क्युलेक्स जातीचा डास चावण्याच्या ऐन वेळी, कातडीखालच्या रक्तात गर्दी करतात. जंताने आपले घड्याळ डासाच्या घड्याळाशी जुळवून घेतले आहे.

१८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी याने एका रोग्याचा दिनक्रमच उलटा करून पाहिला. त्याला दिवसा झोपविले, रात्री जागे ठेवले. काही दिवसांत जंतांनीही आपली पाळी बदलली. ते दिवसा रक्तात येऊ लागले. म्हणजे हे घड्याळ सूर्याला नव्हे, तर माणसाच्या झोपेला बांधलेले आहे. गिरण्यांच्या नागपुरात ही गोष्ट निव्वळ कुतूहलाची नव्हती. सतत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या रक्ताला घरी झोपलेल्या भावाची वेळ लावून कसे चालेल? रक्त घेण्यापूर्वी ‘झोपता कधी?’ हे विचारणे म्हणजे तपासणीचाच भाग होय.

आता काचपट्टी. बोटातून सुमारे वीस घनमिलिमीटर रक्त घ्यायचे, त्याचा जाड थर पसरायचा, वाळवायचा, पाण्याने त्यातील तांबडेपणा काढून टाकायचा, रंग द्यायचा आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूक्ष्मदर्शकातून शोधत जायचे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात, जेथे हा रोग मुळापासून घट्ट बसलेला आहे, अशी रात्रीची रक्ते घेतली गेली. यातील मर्म असे की, ज्याच्या रक्तात पिले फिरत असतात तो माणूस बहुधा धडधाकट दिसतो. त्याला स्वतःला काही जाणवत नाही. आणि ज्याचा पाय सुजून खांबासारखा झालेला आहे त्याच्या रक्तात पुष्कळदा काहीच सापडत नाही, कारण जंत मरून जातात आणि बिघडलेल्या लसीकावाहिन्या मागे राहतात. म्हणून शोधायचे ते निरोग्यांत, आणि तेही त्यांच्या झोपेच्या वेळी. असे काम कोणाच्याही आवडीचे होणे कठीण. लोक दारे उघडीत नसत. आमच्या आजीसारखी माणसे निदान बोलून तरी दाखवीत.

रोग्याने जंताची वेळ का सांभाळावी, जंतालाच दिवसा बाहेर का काढू नये, हा विचार साहजिकच कोणाच्या तरी मनात यायचा. १९४७ साली डायइथिलकार्बमझीन हे औषध हत्तीरोगावर गुणकारी ठरले, आणि त्याचा एक चमत्कारिक गुण लक्षात आला. दिवसाढवळ्या त्याची थोडी मात्रा दिली की, अर्ध्या-पाऊण तासात पिले फुप्फुसांतून हुसकून रक्तात येतात. झोपलेल्याला डिवचून उठवावे तसा हा प्रकार. त्यायोगे दिवसा रक्त घेता येऊ लागले. परंतु रात्रीच्या रक्ताइतकी खात्री त्यात नव्हती, आणि निरोगी दिसणाऱ्या माणसाला तपासणीखातर औषध पाजायचे म्हणजे पुन्हा समजूत घालणे आलेच.

खरी वाट निराळीच होती. जंत स्वतः दिसत नसेल तर त्याच्या खुणा शोधाव्या. घरात चोर दडला आहे की नाही हे त्याला न पाहताही, त्याने सांडलेल्या वस्तूंवरून सांगता येते. जंत शरीरात जे द्रव्य सोडतो ते प्रतिजन; आणि त्याविरुद्ध शरीर जे तयार करते ती प्रतिपिंडे. ही द्रव्ये रात्र-दिवस जाणत नाहीत. १९७१ साली स्टॉकहोम येथे इंगव्हॉल आणि पर्लमान यांनी प्रतिपिंडाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडून रंगाच्या बदलावरून अशी सूक्ष्म द्रव्ये ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. एलायझा म्हणतात ती हीच.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी वैद्यकविज्ञान संस्था स्थापिली. या संस्थेच्या जीवरसायन विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांचे सहकारी यांनी पुढील काळात हत्तीरोगाच्या या अदृश्य खुणांचा पाठलाग केला, आणि जमनालाल बजाज यांच्या नावाचे उष्णप्रदेशीय रोगांचे संशोधन केंद्र त्यातून उभे राहिले. त्यांच्या कामातील एक बारकावा आम्हांस फार आवडतो. युरोपात या कसोटीसाठी महागडे विकर वापरीत. सेवाग्रामच्या मंडळींनी पेनिसिलिनेज हा विकर घेतला. जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत ते याच विकराच्या जोरावर. डॉक्टर ज्याच्या नावाने बोटे मोडतात त्यालाच येथे खुणेच्या कामाला जुंपले. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो, हे शाळेत आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच पिष्ट आणि आयोडीनचा निळा रंग येथे पेनिसिलिनसह नळीत ठेवायचा. जंताची खूण रक्तात असेल तर विकर तेथे चिकटून राहतो, पेनिसिलिनचे रूपांतर करतो, आणि निळा रंग उडून जातो. ते पाहायला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. खेड्याजवळ बसून संशोधन करणाराला जी गोष्ट प्रथम सुचते ती मोठ्या शहरातल्याला पुष्कळदा शेवटीही सुचत नाही.

येथेच जैवसंवेदकाची ओळख करून घेऊ. त्याची दोन अंगे असतात. एक ओळखणारे अंग: विकर, प्रतिपिंड किंवा केंद्रकाम्लाचा एखादा धागा, जो हजार द्रव्यांतून आपल्या एकाच द्रव्याला मिठी मारतो. दुसरे सांगणारे अंग: ती मिठी पडली ही वार्ता वीज, प्रकाश वा रंग या रूपाने बाहेर आणणारे. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली रक्तातील शर्करा मोजण्यासाठी विजेच्या अग्रावर विकराचा पातळ थर बसविण्याची कल्पना मांडली, आणि जैवसंवेदकांचा वंश तेथून सुरू झाला असे मानतात. आज मधुमेहाचा रोगी घरी बोट टोचून पट्टीवर थेंब ठेवतो तो याच वंशाचा वारस.

मग मधुमेहाला जे इतक्या लवकर साधले ते सांसर्गिक रोगांना का साधले नाही? कारण साधे आहे. साखर रक्तात भरपूर असते, लिटरमागे ग्रॅमभर. जंताची किंवा जंतूची खूण तिच्या तुलनेने नगण्य. ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावी लागते. भर बाजारात वाण्याचे दुकान शोधणे वेगळे आणि त्याच बाजारात हरवलेली सुई शोधणे वेगळे. शिवाय साखर सर्वांची एकच. रोगजंतूंची मात्र प्रत्येकाची खूण निराळी, तिला मिठी मारणारे प्रतिपिंडही निराळे. एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची विद्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दिली, तेव्हा कोठे ही अडचण दूर होऊ लागली.

हत्तीरोगाच्या जंताचे प्रतिजन ओळखणारी अशी प्रतिपिंडे ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत तयार झाली आणि १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या आधारे दिवसा वापरता येणारे कार्ड निघाले. पुढे त्याचीच सुधारलेली पट्टी आली. पट्टीची रचना अशी. बोटातील पंचाहत्तर मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, रक्त एका टोकाला सोडायचे. शाई टीपकागदात चढावी तसा रक्तातील द्रव पट्टीतून पुढे सरकतो. वाटेत प्रतिपिंडे लावलेले रंगीत सूक्ष्म कण त्यास मिळतात. प्रतिजन असेल तर हे कण पुढच्या एका रेषेवर अडकतात आणि रेष उमटते. तिच्यापुढे आणखी एक रेष असते. ती नेहमीच उमटली पाहिजे, नाहीतर पट्टीच बिघडलेली समजायची. सर्व काम दहा मिनिटांचे. पण दहा म्हणजे दहा. पट्टी तशीच ठेवून कोणी चहा घेऊन आला तर नसलेली रेषही दिसू लागते, आणि निरोगी माणसाच्या नावापुढे रोग लिहिला जातो. वेळेचा जाच गेला असे म्हणता म्हणता तो अशा रीतीने मागल्या दाराने परत येतो. फरक इतकाच की, आता तो रोग्याला नव्हे, तपासणाऱ्याला सोसावा लागतो. आणि आमच्या मते तो तेथेच असणे न्यायाचे आहे.

या पट्टीने आजीची तक्रार दूर झाली काय? अर्धीच. रात्रीचे रक्त पिलांविषयी सांगते, म्हणजे हा माणूस आज डासामार्फत दुसऱ्याला रोग देऊ शकतो की नाही हे सांगते. पट्टी मुख्यतः वाढलेल्या जंताच्या द्रव्याविषयी सांगते. आणि ते द्रव्य औषधोपचारानंतरही वर्षभर वा त्याहून अधिक काळ रक्तात रेंगाळते. दोहोंचे उत्तर खरे, पण प्रश्न निरनिराळे. २००४ सालापासून देशात हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सर्व लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याचा उपक्रम चालू झाला. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्यास प्रारंभ झाला. बिहारमधील अरवल जिल्ह्यापाठोपाठ देशात हा मान नागपूरला मिळाला. मान कसला म्हणा! रोग हटत नाही म्हणूनच नवी तोफ येथे आणावी लागली. हे औषध देणे केव्हा थांबवायचे, हे ठरविताना आधी रात्रीच्या काचपट्ट्या पाहाव्या लागतात. पिले बाळगणारे शेकडा एकाहून कमी भरले तर मग दिवसाची पट्टी घेऊन पुढची खात्री करतात. म्हणजे येथे तपासणी एका रोग्याची नव्हे, सबंध वस्तीची असते.

हत्तीरोग सावकाशीचा रोग आहे. त्यात रात्र गेली तरी जीव जात नाही. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे क्षयामुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह. त्यात मुले आधी नुसती चिडचिडी होतात, ताप येतो, ओकारी होते, मग ग्लानी येते. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत सर्व संपते. उशिरा उपचार झाल्यास जीव वाचतो, पण दृष्टी, श्रवण वा बुद्धी गमावून. पाठीच्या कण्यातून काढलेल्या थोड्याशा पाण्यात क्षयाचे जंतू इतके विरळ असतात की, सूक्ष्मदर्शकात ते क्वचितच दिसतात, आणि प्रयोगशाळेत ते वाढवून पाहावे तर सहा-आठ आठवडे लागतात. आमच्या परिचयाच्या एका घरात असा अहवाल आला तेव्हा ज्या मुलीचा तो होता तिची तेरवी होऊन गेलेली होती. अहवाल अचूक होता. त्या पाकिटाचे काय करावे हे घरात कोणासच सुचेना.

नागपुरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकापासून याच पाण्यात जंतूऐवजी जंतूची प्रथिने शोधण्याच्या कसोट्यांवर काम केले, ते या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. आठवड्यांचे काम तासांवर आणावयाचे होते. अशा कसोटीने वैद्याच्या अंदाजाला बळ मिळते. सर्वस्वी तिच्या एकटीवर निर्णय सोपविण्याइतकी ती निःशंक असत नाही. येथे घाईचा धोकाही सांगितला पाहिजे. क्षयाची प्रतिपिंडे रक्तात शोधणाऱ्या झटपट कसोट्या आपल्या देशाच्या बाजारात एके काळी सर्रास विकल्या जात. त्या निरोग्याला रोगी ठरवीत आणि रोग्याला निरोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नयेत असे बजाविले, आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. लवकर मिळालेले खोटे उत्तर उशिरा मिळालेल्या खऱ्या उत्तराहून बरे, असे म्हणण्यास त्या बंदीनंतर तरी कोणी धजू नये. खरी आणि त्वरित अशी कसोटी पुढे आली ती जंतूचे केंद्रकाम्लच ओळखणारी. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे विजेऱ्यांवर चालणारे छोटे यंत्र त्यातलेच; तासाभरात ते उत्तर देते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली.

त्याच वर्षी करोनाची साथ आली आणि निदानाला लागणारा वेळ हा घराघरातील बोलण्याचा विषय झाला. त्या काळातील नागपूरची एक कामगिरी आम्हांस विशेष वाटते, कारण ती आली एका अनपेक्षित ठिकाणाहून. १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली. तिचे काम पिण्याचे पाणी, सांडपाणी, गटारे यांचे. म्हणजे हत्तीरोगाचा डास ज्या घाण पाण्यात वाढतो त्याच पाण्याचे. १९७४ साली तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात नीरी, असे झाले. या नीरीतील विषाणुविभागाचे डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांचे सहकारी यांनी नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याची गुळणी करण्याची रीत बसविली. पंधरा सेकंद गुळणी करून पाणी त्याच नळीत सोडायचे. प्रयोगशाळेत ते एका खास द्रावणात अर्धा तास ठेवायचे, मग ९८ अंश उष्णतेत सहा मिनिटे तापवायचे, की पुढील तपासणीसाठी विषाणूचे केंद्रकाम्ल मोकळे होते. ते वेगळे काढण्याच्या महाग साहित्याची गरज राहत नाही. तीन तासांत निकाल. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या रीतीस मान्यता दिली.

या रीतीत नवे यंत्र एकही नाही, आणि काटेकोर बोलायचे तर हा जैवसंवेदकही नव्हे. परंतु ज्या गावी काडी घालणारा प्रशिक्षित माणूस नाही तेथे रोगी स्वतःच आपला नमुना देऊ शकतो, आणि तपासणीच्या दाराशी उभी राहणारी रांग मोडते. वेळ जातो तो नेहमी यंत्रातच जातो असे नाही; रांगेत, प्रवासात, टपालात, साहेबांच्या सहीतही जातो. सेवाग्रामच्या निळ्या नळीत आणि नीरीच्या गुळणीत आम्हांस एकच बुद्धी दिसते.

मध्यंतरी एका रात्री आम्ही पुतण्याच्या घरी होतो. मोठ्या वसाहतीतले चौथ्या मजल्यावरचे घर. नऊ वाजून गेलेले. दारावरची घंटा वाजली. दोन तरुण मुले, एकीच्या हातात काचपट्ट्यांची पेटी, दुसऱ्याच्या हातात भ्रमणध्वनीचा दिवा. हत्तीरोगासाठी रक्त हवे होते. पुतण्याची सून जरा त्रासूनच म्हणाली, ‘‘दादा, आता तर पट्ट्या निघाल्या म्हणे. दिवसा काहून नाही येत तुम्ही?’’ मुलगा काही बोलण्याआधी आम्हीच उत्तर देऊन टाकले. तो हसला. आमचे बोट पुसून त्याने सुई टोचली, थेंब पसरला, काचेवर क्रमांक घातला, आणि दोघे शेजारचे दार वाजवायला गेले.